बालाघाटची शेळी आणि प्रदर्शनातला बोकड

मांजरसुंब्याजवळ, बालाघाटाच्या एका दरीत कपिलधार आहे. मन्मथ स्वामींची समाधी, पावसाळ्यात कोसळणारा धबधबा आणि कार्तिक पौर्णिमेला महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगणातून पायी येणाऱ्या दिंड्या, यांसाठी हे ठिकाण ओळखलं जातं. वीरशैव-लिंगायतांचं हे तीर्थ; इथे शेळ्यांचा बाजार भरण्याचा प्रश्नच नाही. पण दरीतून वर येऊन माळाकडे पाहिलं तर मुरमाड उतारावर, बोरी-बाभळींच्या आधाराने, काळ्या शेळ्यांचे लहान लहान कळप चरताना दिसतात. ही उस्मानाबादी शेळी. बीड, धाराशिव, लातूर आणि शेजारच्या सोलापूर-अहिल्यानगरच्या कोरडवाहू पट्ट्यात पिढ्यान् पिढ्या घडलेली ही जात आहे.

या कळपांपासून थोड्याच अंतरावर नेकनूरला रविवारचा बाजार भरतो. तिथे याच शेळ्या उक्त्या भावाने, नजरेच्या अंदाजाने विकल्या जातात. आणि आज त्याच बाजारात मोबाईलवर एखाद्या बोकडाचं चित्र फिरत असतं: शंभर किलोच्या पुढचं वजन, लांब लोंबते कान, गुलाबी कातडी आणि भाव लाखात. पाहणाऱ्या पोराच्या मनात तेव्हा एक प्रश्न उभा राहतो. आपण ही काळी शेळी सांभाळायची, की ती विकून असा एखादा दिमाखदार बोकड आणायचा? हा आढावा त्या प्रश्नाचा आहे. प्रदर्शनात मिरवावं, बक्षीस घ्यावं आणि चढ्या भावाने विकावं असं लहान जनावर पैदा करण्याच्या धंद्याला आपल्या भागात खरा आधार किती आहे, आणि बक्षीस देताना आपण नेमकं काय मोजतो?

आधी धंद्याचा आकार पाहू. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात जवळपास १४ कोटी ८९ लाख शेळ्या नोंदल्या गेल्या. त्यातल्या सुमारे १ कोटी ६ लाख महाराष्ट्रात होत्या. मेंढ्या राज्यात सत्तावीस लाखांच्या आसपास. शेळ्यांचा मोठा भाग अल्पभूधारक आणि भूमिहीन घरांत आहे, दोन-चार-दहाच्या संख्येने. बीड जिल्ह्यात दिवाळीनंतर ऊसतोडीला कोयते बाहेर पडतात, तेव्हा काही शेळ्या बैलगाडीमागून कारखान्याच्या पालावर जातात, काही म्हाताऱ्या माणसांच्या हवाली गावात राहतात. मुकादमाची उचल फिटत नाही, लेकराला दवाखान्यात न्यायचं असतं, बी-बियाणं आणायचं असतं. अशा वेळी दावणीचा बोकड सुटतो. त्यामुळे इथल्या माणसाला शेळीचा अर्थ आधी ‘अडीनडीला उभा राहणारा पैसा’ असा आहे. दिमाख नंतर.

दिमाखाचा बाजार मात्र खोटा नाही, हे आधीच सांगायला हवं. त्याचं सर्वांत मोठं मूळ बकरी ईदमध्ये आहे. कुर्बानीचं जनावर निर्दोष असावं, आंधळं-लंगडं नसावं, कान कापलेला नसावा, वय वर्षाचं पुरं असावं, ही धर्माची अट. निर्दोषाकडून देखण्याकडे आणि देखण्याकडून दुर्मिळाकडे जाणं हा श्रद्धेचा आणि हौसेचा स्वाभाविक प्रवास आहे. मुंबईच्या देवनारला ईदेच्या आधी जो बाजार भरतो, त्यात महाराष्ट्र, राजस्थान, गुजरात, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेशातून बोकड येतात. पंजाबचा बीटल, राजस्थानातल्या पाली भागातला गोऱ्या अंगाचा सोजत, इटाव्याकडचा जमनापारी, वाकड्या नाकाचा तोतापरी, अशी नावं तिथे रुळलेली आहेत. वर्षभर चणे, मका, दूध, कधी सुकामेवा घालून वाढवलेला बोकड तिथे मांसाच्या भावाच्या कितीतरी पट पैसे आणतो. ज्याच्याकडे चारा आहे, भांडवल आहे आणि त्या एका आठवड्यात जनावर मुंबई-पुण्यात नेऊन उभं करण्याची सोय आहे, त्याने हा धंदा जरूर करावा. त्यात कमीपणा काही नाही.

पण हा बाजार एका सणावर उभा आहे. चंद्र दिसला की तारीख पक्की होते, आणि ईदेचे दिवस सरले की उरलेला बोकड पुन्हा किलोच्या भावाला येतो. शिवाय तिथे जे मोल मिळतं ते त्या बोकडाच्या शरीराला मिळतं. त्याच्या वंशाला मिळत नाही, कारण त्याचा वंश पुढे चालणारच नसतो. ही गोष्ट ध्यानात ठेवली नाही, की गडबड सुरू होते. कापायच्या जनावरात जे गुण शोभेचे, तेच गुण पैदाशीच्या जनावरात मोलाचे धरले जातात.

तोतापरीचंच घ्या. त्याचं नाक इतकं वाकडं असतं की वरचा आणि खालचा जबडा एकमेकांवर नीट बसत नाही, तोंड किंचित उघडं राहतं. शौकिनांच्या बाजारात ते उघडं तोंड भाव वाढवतं. दावणीला बसून कुटी खाणाऱ्या बोकडाचं त्याने फारसं बिघडत नाही. कपिलधारच्या वरच्या माळावर हाच जबडा घेऊन शेळी सोडा: बाभळीचा पाला काट्यांतून अचूक टिपायला, दगडाच्या सांदीतलं खुरटं गवत तोडायला खालचे दात वरच्या कडक हिरडीवर बरोबर टेकावे लागतात. ते टेकत नसतील तर ती शेळी दिवसभर फिरूनही संध्याकाळी रिकाम्या पोटाने घरी येईल. लोंबत्या कानांचंही तेच. बोरीच्या जाळीत कान फाटतात, जखमेवर माशी बसते, अळ्या पडतात. उस्मानाबादीचे कान मध्यम लांबीचे, पाय काटक आणि अंग आटोपशीर आहे, कारण या माळाने शेकडो वर्षं तशाच शेळ्या जगू दिल्या.

आटोपशीर म्हणजे किती? पूर्ण वाढलेला उस्मानाबादी बोकड साधारण ३४ किलो, शेळी ३२ किलोच्या आसपास. शेळीला रोज तिच्या वजनाच्या शेकडा ३ ते ४ या प्रमाणात कोरडा अंश पोटात लागतो. म्हणजे या शेळीला किलो-सव्वा किलो, आणि शंभर किलोच्या बोकडाला ३ ते ४ किलो. फेब्रुवारीनंतर बालाघाटावर हिरवं काही उरत नाही. तुरीचं, हरभऱ्याचं भुस्कट विकत आणावं लागतं. त्या चार महिन्यांत एका दिमाखदार बोकडाच्या चाऱ्यावर तीन उस्मानाबादी शेळ्या जगतात. आणि त्या तीन शेळ्या दोन वर्षांत प्रत्येकी तीन वेतं देतात, पुष्कळदा जुळी.

जुळ्यांचा हा मुद्दा सगळ्या आढाव्यात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि प्रदर्शनात नेमका तोच हरवतो.

एकुलतं जन्मलेलं करडू जुळ्यांपेक्षा जन्मतःच काहीशे ग्रॅमनी जड असतं. पोटात एकट्याला जागा मिळालेली असते आणि बाहेर आल्यावर आईचे दोन्ही सड त्याचे एकट्याचे. तीन महिन्यांचं होईतो ते जुळ्यांच्या पुढे निघून गेलेलं असतं आणि सहा महिन्यांनाही तो फरक पुरता बुजत नाही. आता प्रदर्शनाच्या मांडवात दहा करडं उभी करा आणि पंचांना सांगा, यातलं सर्वांत थोराड निवडा. ते बहुतेक वेळा एकुलतं निवडतील. त्याच्या गळ्यात फीत पडेल, लोक त्याला पैदाशीसाठी मागतील, गावातल्या चाळीस शेळ्यांवर तो सुटेल. दर वर्षी, दर गावात असं होत गेलं तर ज्या गुणासाठी ही जात नावाजली, तो जुळ्यांचा गुणच आपण स्वतःच्या हाताने, टाळ्या वाजवत, हळूहळू पातळ करत जाऊ.

आकड्यात मांडतो. समजा एका माणसाकडे ३० शेळ्या आहेत आणि प्रत्येकीची वर्षाला सरासरी दीड वेतं होतात. ही ४५ वेतं झाली. वेताला सरासरी १.४ करडं मिळाली तर वर्षाला ६३ करडं, १.७ मिळाली तर ७६. तेरा करडांचा हा फरक कुठल्याही बक्षिसाच्या रकमेपेक्षा मोठा आहे, आणि तो दर वर्षी येतो. बोकडाकडे नुसतं पाहून मात्र तो कळत नाही. जुळ्यांचा गुण बोकडाच्या आईत, बहिणींत, पुढे त्याच्या लेकींत दिसतो.

त्यातही एक अडचण आहे. वजनवाढीचा गुण बापाकडून लेकराकडे बऱ्यापैकी उतरतो. जुळ्यांचा फार कमी, शेकडा दहाच्या आसपासच. एका शेळीने एकदा जुळी दिली म्हणून तिचा बोकड ठेवला तर हाती फार लागत नाही. तिची तीन-चार वेतं, तिच्या आईची, बहिणींची वेतं अशी नोंद जुळवली तरच निवड खरी ठरते. म्हणजे या धंद्याचं खरं भांडवल वहीत आहे. आणि वही आपल्याकडे जवळजवळ कोणीच ठेवत नाही.

जगात या विद्येची सुरुवात ज्याच्या नावाने सांगतात, तो इंग्लंडच्या लेस्टरशायरमधला रॉबर्ट बेकवेल (१७२५–१७९५). डिशली गावच्या या शेतकऱ्याने आपले मेंढे विकण्याऐवजी हंगामापुरते भाड्याने द्यायला सुरुवात केली. त्या काळी त्याला त्याचे शेकडो गिनी मिळत, पण खरी चतुराई पुढे होती. भाड्याने गेलेल्या मेंढ्याची कोकरं वेगवेगळ्या गोठ्यांत कशी निपजतात हे त्याला पाहायला मिळे, आणि ज्याची कोकरं सरस तो मेंढा तो पुढे स्वतःच्या कळपावर वापरी. मेंढ्याची पारख त्याच्या लेकरांवरून करायची, ही रीत तिथून रुळली. पण याच बेकवेलच्या न्यू लेस्टर मेंढीवर पुढे आक्षेप आला की मांसात चरबी फार, आणि कोकरं कमी. लवकर मांस धरणाऱ्या गोल अंगाच्या मागे लागताना कूस मागे पडली. सव्वादोनशे वर्षांपूर्वीची ही चूक आपण बोकडांच्या बाबतीत पुन्हा करण्याचं कारण नाही.

मोठ्या भावांच्या बातम्या परदेशातही होतात. २०२० च्या ऑगस्टमध्ये स्कॉटलंडमधल्या लॅनार्कच्या लिलावात ‘डबल डायमंड’ नावाचं टेक्सेल जातीचं कोवळं मेंढरू साडेतीन लाख गिनींना गेलं, म्हणजे त्या वेळच्या भावाने साडेतीन कोटी रुपयांच्या पुढे. त्याच वर्षाच्या अखेरीस आपल्याकडे सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीचा माडग्याळी मेंढा गाजला. मूळ नाव सर्जा. लोकांनी त्याला पंतप्रधानांचं आडनाव दिलं. त्याला ७० लाखांची मागणी आल्याची आणि मालकाने तो न विकल्याची बातमी देशभर झाली.

माडग्याळी मेंढी ही जत तालुक्यातल्या माडग्याळ गावची. दख्खनी मेंढीपेक्षा उंच, पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके, आणि पोपटनाकी. जत-आटपाडीच्या धनगर मेंढपाळांनी ती निवडून निवडून घडवली आणि कार्तिकातल्या आटपाडीच्या उत्तरेश्वर यात्रेत तिचा बाजार नावारूपाला आणला. ही मोठी कामगिरी आहे. वेगाने वाढणारं कोकरू हा तिचा खरा गुण आहे, आणि तो दुष्काळी पट्ट्यात सिद्ध झालेला आहे. पण लाखांच्या भावात हा गुण किती आणि नाकाचा बाक किती, हे वेगळं करून सांगणारी नोंद मेंढ्याबरोबर हातात पडत नाही. लॅनार्कच्या लिलावात जनावरासोबत त्याची वंशावळ येते, नोंदणी येते. तिथेही हौस आहे, इरेला पेटून लावलेली बोली आहे. तरीही कागद हातात असतो. आटपाडीचा मेंढपाळ आपल्या कळपाच्या चार-चार पिढ्या तोंडपाठ सांगू शकतो. ते ज्ञान कागदावर उतरवून घेण्याची जबाबदारी सरकारी खात्यांची आणि विद्यापीठांची आहे, आणि त्यांनी ती अजून पुरती उचललेली नाही.

जिथे ती उचलली गेली, तिथे काय होतं याचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. बनबिहारी निंबकरांनी १९६८ साली फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्था स्थापन केली. १९९० च्या दशकात या संस्थेने दक्षिण आफ्रिकेची बोअर शेळी भारतात आणली, आज जागोजागी दिसणाऱ्या बोअर संकरांची सुरुवात तिथली. पण मला तिथलं दुसरं काम अधिक मोठं वाटतं. बंगालच्या सुंदरबनात गारोल नावाची मेंढी आहे. दहा-पंधरा किलोची, दलदलीत चरणारी, कुठल्याही प्रदर्शनात शेवटच्या रांगेत उभी राहील अशी. तिच्या रक्तात एक असं जनुक आहे की ती सहज जुळी-तिळी देते. अठराव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याहून जहाजाने ऑस्ट्रेलियाला गेलेल्या मेंढ्यांबरोबर हे जनुक तिकडच्या बुरूला मेरिनोत पोचलं, असा शास्त्रज्ञांचा माग आहे. निंबकर संस्थेने पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांच्या साथीने गारोलचं हे जनुक दख्खनी मेंढीत आणलं. वेताला बहुधा एकच कोकरू देणाऱ्या दख्खनीतून ‘नारी सुवर्णा’ ही जुळी देणारी मेंढी तयार झाली.

रूप पाहून निवड करणाऱ्या कुठल्याही पंचाने गारोलच्या मेंढ्याकडे दुसऱ्यांदा पाहिलं नसतं. महाराष्ट्रातल्या मेंढपाळाच्या मिळकतीत भर घालणारी गोष्ट नेमकी त्या खुरट्या अंगात दडलेली होती.

आता पैदाशीचं जनावर विकण्याच्या धंद्याकडे येऊ, कारण फसवणूक जास्तीत जास्त इथेच होते. बोअर आला, त्याचा संकर लवकर वजन धरतो हे दिसलं आणि ‘शुद्ध बोअर’, ‘पंचाण्णव टक्के बोअर’ अशा नावाखाली पाठी आणि बोकड किलोवर विकले जाऊ लागले. किलोचा हा भाव मांसाच्या भावाशी जुळत नव्हता. तो दुसऱ्या नवख्या शेळीपालकाकडून येत होता, जो तिसऱ्याला विकण्याच्या आशेवर होता. नवे गिऱ्हाईक येत राहतील तोवर असा भाव टिकतो. २०१९ साली सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरहून कडकनाथ कोंबड्यांचा घोटाळा उघडकीला आला, त्याची घडण हीच होती. कडकनाथ ही झाबुआची अस्सल आणि गुणी जात. दोष तिचा नव्हता. अंडी-मांस खाणारं गिऱ्हाईक कुठे आहे हे न पाहता ‘पिल्लं घ्या, वाढवा, आम्हीच परत घेतो’ या शब्दावर शेकडो शेतकऱ्यांनी पैसे गुंतवले. त्याआधी २०१२ च्या सुमारास इमूच्या बाबतीत तमिळनाडूपासून महाराष्ट्रापर्यंत हेच झालं होतं. म्हणून ‘हे जनावर पैदाशीसाठी’ असं विकणारा म्हणेल तेव्हा एकच हिशेब करावा: याची करडं शेवटी मांसाच्या भावानेच विकावी लागली तर मी घातलेला पैसा किती वर्षांत फिटेल? उत्तर जुळत नसेल तर सौदा सोडावा.

सरकारी योजनेनेही या बाजारावर अनवधानाने ताण आणला आहे. राष्ट्रीय पशुधन अभियानात १०० शेळ्या आणि ५ बोकडांपासून ५०० शेळ्या आणि २५ बोकडांपर्यंतच्या गटाला निम्मं भांडवली अनुदान मिळतं, १० लाखांपासून ५० लाखांपर्यंत. हेतू चांगला आहे. पण एका जातीच्या शंभर निवडक, नोंद असलेल्या शेळ्या एकदम मिळणार कुठे? पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाची प्रक्षेत्रं आहेत, त्यातलं एक आपल्याच जिल्ह्यात अंबाजोगाईला आहे. त्यांचा पुरवठा या मागणीला पुरा पडणारा नाही. मग हेडी, म्हणजे जनावरांचा व्यापारी, दहा बाजार फिरून काळ्या रंगाच्या शेळ्या गोळा करतो आणि गट उभा राहतो. कानात बिल्ला येतो, पण बिल्ल्याच्या मागे वहीतली ओळ नसते.

‘काळी म्हणजे उस्मानाबादी’ ही समजूतही इथेच पक्की झाली. या जातीत काळ्या शेळ्या साधारण पाऊण हिश्शाने असतात. बाकीच्या पांढऱ्या, तपकिरी, ठिपक्याठिपक्यांच्या. जवळपास निम्म्या शेळ्यांना शिंगं नसतात. रंगावरून बाद करायचं ठरवलं तर चांगल्या चार शेळ्यांतली एक आपण विनाकारण कसायाला देतो. रंगाचा हट्ट धरणारी प्रदर्शनं आणि रंगाच्या अटी घालणारे खरेदीदार या जातीचं नुकसान करत आहेत, हे स्पष्ट म्हटलं पाहिजे.

बाजारात जनावर कसं दाखवलं जातं हेही पाहण्यासारखं असतं. विकणारा बोकडाचे पुढचे पाय किंचित चढावर ठेवतो, मागचे उतारावर. छाती भरते, पाठ लांब वाटते. फोटो काढताना मोबाईल गुडघ्याच्या उंचीवर धरला की चाळीस किलोचा बोकड सत्तर किलोचा दिसतो. सकाळी मीठ चाटवून भरपूर पाणी पाजलं की पोट गच्च होतं. जाणता गिऱ्हाईक म्हणून आधी पोटाकडे पाहतच नाही. तो डाव्या हाताने जबडा धरतो, अंगठ्याने खालचा ओठ ओढतो आणि दात पाहतो. सगळे दुधाचे, बारीक दात म्हणजे वर्षाच्या आतलं. मधले दोन रुंद दात आले म्हणजे दोन दाती, वर्ष ते दीड वर्ष. चार दाती दोन वर्षांच्या आसपास, सहा दाती अडीचच्या, आणि आठही जुळले की तीन वर्षांच्या पुढे. मग तो पाठीच्या कण्यावर बोटं फिरवून मांस चाचपतो, बोकडाचे दोन्ही अंड सारखे आणि घट्ट आहेत का पाहतो, चार पावलं चालवून मागच्या पायांचे सांधे पाहतो. शेवटी रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरतो.

या सगळ्यात काटा नसतो. बालाघाटातल्या शेळीपालकाचं सर्वांत मोठं नुकसान त्या उक्त्या भावात होतं, कारण दिवसाला पन्नास जनावरं हाताळणाऱ्या हेड्याची नजर वर्षाला दोन विकणाऱ्यापेक्षा तयार असणारच. काटा नसेल तर शिंप्याचा टेप पुरतो. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर आणि खांद्यापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये घ्यावी; घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले १०८४०. घेर ७५ आणि लांबी ७० असेल तर उत्तर ३६ किलोच्या थोडं पुढे येतं. थोडा फरक पडतो, पण बाजारात उभं राहायला एवढा आधार पुष्कळ.

प्रदर्शनं आपल्याकडे कमी नाहीत. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबा यात्रेत जिल्हा परिषद पशुप्रदर्शन भरवते. मराठवाड्यातला शौकीन तिथे हजेरी लावतोच. २०१९ साली जालन्यात आणि २०२३ साली शिर्डीत राज्य पातळीवरचा महापशुधन एक्स्पो झाला. अशा ठिकाणी लाल कंधारी, देवणीचे वळू आणि घोडे गर्दी खेचतात. शेळ्या-मेंढ्यांचा मांडव कडेला असतो. तरीही त्याचं महत्त्व मोठं आहे, कारण पंचांनी ज्याच्या पाठीवर हात ठेवला तो बोकड पुढे किती गावांच्या शेळ्यांवर जाईल याचा नेम नाही. पंच चुकला तर ती चूक पिढ्यांत उतरते.

मांडवात आणखी एक धोका उभा असतो. शेकडो कळपांतली जनावरं दोन-तीन दिवस नाकाला नाक लावून बांधलेली असतात. शेळ्या-मेंढ्यांची पीपीआर ही साथ भारतात पहिल्यांदा १९८७ साली तमिळनाडूत आढळली. ताप, तोंडात फोड, हगवण आणि न्यूमोनिया होऊन ती कळपच्या कळप झोपवते. तिच्यावर लस आहे, एकदा टोचली की तीन वर्षं संरक्षण देते, आणि २०३० पर्यंत हा रोग नाहीसा करायचं उद्दिष्ट सरकारने ठेवलं आहे. लस न टोचलेलं जनावर मांडवात येऊ देऊ नये आणि प्रदर्शनातून परतलेलं जनावर तीन आठवडे कळपापासून वेगळं बांधावं, एवढं पाळलं तरी पुष्कळ कळप वाचतील.

मग बक्षीस द्यायचं कशाला? माझं म्हणणं साधं आहे. एकट्या बोकडाला देऊ नये. बोकडासोबत त्याची आई आणि बहीण मांडवात आणायला सांगावी, वर त्याची चार-पाच करडं. युरोप-अमेरिकेतल्या प्रदर्शनांत एका बापाच्या लेकरांचा गट आणि एका आईच्या लेकरांचा गट असे वेगळे वर्ग असतात. आपल्याकडे ते सहज सुरू करता येतील. वजन काट्यावर घ्यावं, करडू एकुलतं की जुळं हे पुकारून सांगावं आणि जुळ्याला त्याची सूट द्यावी. वही आणणाऱ्याला वेगळे गुण द्यावेत. वही म्हणजे शाळेची साधी असली तरी चालेल: शेळीचं नाव किंवा बिल्ला, व्याल्याची तारीख, किती करडं, तीन महिन्यांना किती जगली, बोकड कोणाचा.

आणि ही वही कोणाकडून भरून घ्यायची, हे मला आणखी नेटाने सांगायचं आहे. बालाघाटातल्या कुठल्याही वस्तीवर जाऊन विचारा: कोणती शेळी दर वेताला जुळी देते, कुठल्या शेळीची पाठ दूध धरत नाही, कोणतं करडू कोणत्या बोकडाचं. घरातली बाई एका दमात सांगेल, कारण गोठा तीच झाडते, करडं तीच पाजते, रात्री व्यायला झालेल्या शेळीजवळ तीच बसते. प्रदर्शनात दोर धरून उभा राहतो पुरुष. साताऱ्याच्या म्हसवडमध्ये माणदेशी फाउंडेशनने गावच्या बायकांना शेळ्यांच्या कृत्रिम रेतनाचं प्रशिक्षण देऊन ‘गोट डॉक्टर’ म्हणून उभं केलं आहे. उरळी कांचनच्या बायफ संस्थेनेही शेळीच्या कृत्रिम रेतनावर काम केलं आहे. नोंद असलेल्या बोकडाच्या गोठवलेल्या रेताची मात्रा वस्तीवर पोचली तर शंभर किलोचा बोकड पोसण्याची गरजच उरत नाही. नेकनूर-मांजरसुंबा पट्ट्यात अशा वीस बायका तयार केल्या आणि त्यांच्या हाती वही दिली, तर पाच वर्षांत या भागाकडे देशात कुठेच नाही असा उस्मानाबादीचा नोंदलेला कळप असेल. त्या कळपातल्या बोकडाला मिळणारा भाव कोणाच्या हौसेवर अवलंबून राहणार नाही.

हौशी माणसाने बीटल पाळावा, सोजत पाळावा, ईदेला नेऊन विकावा. त्याला तो आनंद आणि तो नफा लखलाभ. पण त्याचं बीज गावच्या शेळ्यांवर सोडू नये. ज्याच्याकडे पाच-दहा काळ्या शेळ्या आहेत त्याने त्या मोडून एक दिमाखदार बोकड आणू नये. जिल्हा परिषदेच्या पशुसंवर्धन विभागाला आणि अंबाजोगाईच्या प्रक्षेत्राला एवढीच विनंती आहे की यापुढे आईच्या वेतांची नोंद सोबत दिल्याशिवाय पैदाशीचा एकही बोकड विकू नये आणि एकाही बोकडाला फीत बांधू नये. आणि वाचकांपैकी कोणी येत्या रविवारी नेकनूरच्या बाजारात बोकड घ्यायला उभं राहिलं, तर दात पाहून झाल्यावर विकणाऱ्याला विचारा: याची आई किती वेळा व्याली, आणि किती वेळा जुळी दिली?